अल्प मात्रेचे विष आणि त्याचा हिशेब

विषाची परीक्षा पाहू नये, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा उपदेश आहे. संसारी माणसाला तो पुरेसा आहे. परंतु विसाव्या शतकाला तो पुरला नाही. कारण विष हे वैद्याच्या कुपीत बंद राहिले नाही. पिकावरील फवाऱ्यात, कारखान्याच्या सांडपाण्यात, क्ष-किरणांच्या यंत्रात ते अत्यंत अल्प प्रमाणात येऊन बसले आणि त्याच्याशी आपला नित्याचा संबंध जडला. 'इतक्याशाने काय होणार?' असे एक म्हणतो. 'थोडे असले तरी विष ते विषच' असे दुसरा म्हणतो. या दोन उत्तरांतील वाद मिटवण्यासाठी गणिताला पाचारण करण्यात आले. गणिताने त्यात काय साधले, आणि कोणती गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेर राहिली, हा इतिहास मी आज आपणांपुढे थोडक्यात मांडणार आहे.

हा विषय आम्हा वसईकरांना परका नाही. वसईहून रेल्वेने उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटर गेले की बोईसर लागते, आणि तेथून पश्चिमेस समुद्रकाठी तारापूर. इतिहासाच्या वाचकांना हे नाव १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेमुळे परिचित आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने तेथला पोर्तुगीजांचा किल्ला त्याच वर्षी सर केला. पुढे १९६९ साली त्याच गावाच्या नावाने भारतातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, आणि जवळच रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण जोखून जे अंक प्रसिद्ध केले, त्यांत तारापूरचा अंक सर्वांत वरचा, म्हणजे १०० पैकी ९३.६९ होता. तेव्हा अल्प मात्रेचा प्रश्न आमच्या पालघर जिल्ह्यात केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. तो घरातल्या पाण्याचा व मासळीचा प्रश्न आहे.

मात्रेचे महत्त्व प्राचीनांना ठाऊक नव्हते असे नाही. नीट योजलेले तीव्र विषही औषध ठरते आणि वाईट रीतीने योजलेले औषधही विष बनते, हा विचार चरकसंहितेत आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने असेच प्रतिपादन केले की, प्रत्येक पदार्थात विष आहे व केवळ मात्राच त्याला निर्विष ठरवते. विदर्भातील शेतकऱ्याला हे तत्त्व ग्रंथावाचून कळले होते. लाखेची, म्हणजेच लाखोळीची डाळ आहारात थोडी असली तर अपाय दिसत नाही. पण अवर्षणाच्या काळी महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न होऊन बसली की धडधाकट माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात. याचा अर्थ असा की, मात्रेला एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे निर्भय, पलीकडे धोका. हजारो वर्षे मनुष्यजातीचे काम एवढ्या ज्ञानावर चालले. परंतु उंबरठा नेमका कोठे आहे, आणि तो सर्वांसाठी एकच आहे काय, हे कोणी मोजले नव्हते.

मोजण्याची निकड औषधांच्या कारखान्यांत निर्माण झाली. हृदयविकारावर दिले जाणारे डिजिटॅलिस हे औषध वनस्पतीच्या पानांपासून काढतात. त्याची प्रत्येक खेप सारख्या ताकदीची असेल याची शाश्वती नसते, आणि तपासण्याचे रासायनिक साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. म्हणून बेडकांना ते औषध टोचून त्यांचा प्राण घेणारी कमीत कमी मात्रा शोधीत. परंतु ही 'किमान मारक मात्रा' दर वेळी निराळी निघे. १९२७ साली इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी या घोटाळ्याचे मूळ दाखवून दिले. एका जातीचे, एका वजनाचे प्राणीही सहनशक्तीने सारखे नसतात. एक अल्प मात्रेने मरतो, तर दुसरा तिच्या दुपटीनेही जगतो. सर्वांत दुबळा प्राणी हाती लागणे हा निव्वळ योगायोग होय. म्हणून कोणत्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात एवढेच विचारावे, असे ट्रेव्हन यांनी सुचविले. हीच पुढे 'एल. डी. ५०' या नावाने जगप्रसिद्ध झालेली मध्यम मारक मात्रा.

या सूचनेत मोठे मर्म आहे. शाळेतील शंभर मुलांची उंची मोजली तर बहुसंख्य मुले मध्यावर सापडतात. अति उंच व अति ठेंगणी मुले थोडी. मध्याचा अंदाज सहसा चुकत नाही. परंतु सर्वांत ठेंगणा मुलगा किती उंचीचा असेल हे पुढल्या वर्षीच्या वर्गाविषयी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सहनशक्तीचेही तसेच आहे. कागदावर मात्रा आडवी व मृत्यूचे प्रमाण उभे मांडले, तर आरंभी हळूहळू, मध्ये झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळूहळू चढणारी एक वळणदार रेषा मिळते.

ही वळणदार रेषा सरळ करून तिच्यावर हिशेब करण्याची रीत चेस्टर ब्लिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने बसवली. ब्लिस मूळचे कीटकशास्त्रज्ञ. किडींवरील विषारी औषधे हा त्यांचा विषय. १९३३ साली आर्थिक मंदीच्या कहरात त्यांची सरकारी नोकरी गेली, तेव्हा ते लंडनला रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाकडे गेले. ब्लिस यांनी १९३४ साली आपली रीत प्रसिद्ध केली व तिला 'प्रॉबिट' हे नाव दिले. पुढल्या वर्षीच्या त्यांच्या लेखाला फिशर यांनी गणिती पुरवणी जोडली. हेच फिशर १९३८ च्या आरंभी कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनासाठी आले होते. १९४४ साली जोसेफ बर्कसन यांनी 'लॉजिट' नावाची दुसरी रीत पुढे केली, आणि दोन्ही पक्षांत पुष्कळ वर्षे वाद झडला.

श्रोतेहो, या वादाचे मर्म समजण्यासाठी एक लहानसा हिशेब आपण मिळून करू. समजा, एका विषाच्या पूर्ण मात्रेने शंभरांतील ५० प्राणी बाधतात आणि तिच्या चतुर्थांशाने सुमारे १६ बाधतात. या दोन अनुभवांतून प्रॉबिटची रेषा काढता येते, लॉजिटची रेषा काढता येते आणि विषाचा एकच आघात पुरेसा आहे असे धरून तिसरी रेषाही काढता येते. तिन्ही रेषा त्या दोन्ही ठिकाणी तंतोतंत जुळतात. आता मात्रा सोळाव्या हिश्श्यावर आणा. पहिली रेषा म्हणते शेकडा सुमारे २.३, दुसरी ३.४, तिसरी ४.२. मतभेद आहे, पण किरकोळ. आणखी खाली उतरून मात्रा २५६ व्या हिश्श्यावर आणा. आता पहिली रेषा सांगते लाखात ३, दुसरी सांगते लाखात १२६ आणि तिसरी सांगते लाखात २७०. अनुभव तोच, आकडे तेच, गणितात कोठेही चूक नाही. आणि तरीही उत्तरांत नव्वद पटींचा फरक!

मग त्या अल्प मात्रेवर प्रत्यक्ष प्रयोग करून निकाल का लावू नये? कारण तेथे प्राण्यांची संख्याच पुरी पडत नाही. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: जितक्या प्राण्यांवर प्रयोग केला त्यांतील एकालाही बाधा झाली नाही, तर तीनला त्या संख्येने भागावे, खरा धोका जास्तीत जास्त तेवढा असू शकेल असे शेकडा ९५ विश्वासाने म्हणता येते. हजार उंदरांतील एकही बाधला नाही, तरी धोका हजारी ३, म्हणजे लाखात ३०० पर्यंत असणे शक्य आहे. आपल्या तिन्ही रेषांची उत्तरे या मर्यादेच्या आत बसतात. सारांश, हजार प्राण्यांचा निष्कलंक प्रयोगसुद्धा तिघींपैकी कोणालाही खोटे ठरवू शकत नाही. 'काही आढळले नाही' आणि 'काही नाही' या दोन वाक्यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

हे अंतर भरून काढण्याचे दोन मार्ग पुढे रूढ झाले. पहिला मार्ग उंबरठा मानणाऱ्यांचा. १९५४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यातील लेहमन व फिट्झह्यू यांनी असा व्यवहार सांगितला की, प्राण्यांना ज्या मात्रेने अपाय दिसला नाही तिला शंभराने भागावे. या शंभराची फोड पुढे अशी करण्यात आली: प्राण्याहून मनुष्य नाजूक असेल म्हणून दहा, आणि एका मनुष्याहून दुसरा नाजूक असेल म्हणून पुन्हा दहा. अन्नातील कितीतरी रासायनिक पदार्थांच्या मर्यादा याच भागाकारातून निघाल्या आहेत. हा शंभराचा आकडा सृष्टिनियमातून निघालेला नसून सावध माणसांनी ठरवलेला आहे. १९८४ साली केनी क्रम्प यांनी या पद्धतीत सुधारणा सुचविली: अपाय न दिसलेल्या एकाच मात्रेवर विसंबू नये, सर्व मात्रांच्या अनुभवांतून रेषा काढून, शेकडा ५ किंवा १० अपायाची मात्रा ठरवावी व तेथून खाली मोजावे. म्हणजे निदान आरंभबिंदू तरी रेषेच्या भरवशाच्या भागात राहतो.

दुसरा मार्ग उंबरठा न मानणाऱ्यांचा. त्याचा उगम किरणांच्या अभ्यासात आहे. १९२७ सालीच, म्हणजे ट्रेव्हन यांच्या निबंधाच्या वर्षीच, हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांमुळे फळमाश्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडतो हे सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर किरणांचीही एक सहनीय मात्रा असते असाच तज्ज्ञांचा समज होता, आणि १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने ती दिवसाला ०.२ रंटजेन अशी ठरवलीही होती. परंतु एकच किरण एका पेशीतील आनुवंशिक द्रव्यावर कायमचा घाव घालू शकत असेल, तर उंबरठा कोठला? १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने आनुवंशिक हानी मात्रेच्या सरळ प्रमाणात धरावी असा अभिप्राय दिला. हिरोशिमा व नागासाकी येथील सुमारे १ लक्ष २० हजार लोकांच्या पिढीभर चाललेल्या निरीक्षणात मोठ्या व मध्यम मात्रांवर कर्करोगाचे प्रमाण मात्रेबरोबर वाढत गेलेले दिसले. ही रेषा शून्यापर्यंत सरळ ओढावी, हाच तो 'उंबरठ्याविण सरळ रेषेचा' नियम होय.

रासायनिक विषांनाही तोच न्याय लावण्याचा प्रयत्न झाला. प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारा कोणताही पदार्थ अन्नात मिसळू नये, असे अमेरिकेने १९५८ साली कायद्यानेच ठरवले. १९६१ साली मँटेल व ब्रायन यांनी दहा कोटींत एक इतका अल्प धोका 'जवळजवळ निर्धोक' समजावा असे सुचवून त्यापर्यंत उतरण्याची रीत दिली. अखेर सत्तरीच्या दशकात आर्कान्सा प्रांतातील एका सरकारी संस्थेने २४,००० हून अधिक उंदरांवर एका कर्कजनक द्रव्याचा प्रचंड प्रयोग केला. निष्पन्न काय झाले? यकृतातील गाठी जवळजवळ सरळ रेषेत वाढल्या, तर मूत्राशयातील गाठी विशिष्ट मात्रेपर्यंत जवळपास दिसल्याच नाहीत. एकच द्रव्य, एकच प्राणी, आणि एकाच देहात दोन नियम! शिवाय एवढा खटाटोप करूनही मोजता आला तो शेकडा एकाच्या आसपासचा धोका. लाखातला एक दूरच राहिला.

आता आपण तारापूरकडे वळू. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ साली स्थापन झाली. सामान्य नागरिकाला अशा केंद्रांमुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक किरणमात्रा पोचू नये, असा दंडक आहे. निसर्गातूनच प्रत्येकाला मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. कामगार छातीवर बिल्ला लावतात आणि त्यावरून त्यांची मात्रा मोजली जाते. परिसरातील पाणी, दूध, मासळी यांचे नमुने तपासले जातात. मात्रा मोजता येते, ती अगदी सूक्ष्मपणे मोजता येते. प्रश्न तिच्या परिणामाचा आहे.

सरळ रेषेच्या नियमाने आंतरराष्ट्रीय समितीचा अंदाज असा की, १ सिव्हर्टमागे कर्करोगाची हानी स्थूलमानाने शेकडा ५ धरावी. हा आकडासुद्धा मोठ्या मात्रेवरील चढ अल्प मात्रेसाठी निम्मा धरून काढलेला आहे. म्हणजे रेषा कोठे व किती वाकवावी हेही माणसांनीच ठरवले. या हिशेबाने १ मिलिसिव्हर्टमागे लाखात ५ जण. इकडे भारतात दर नऊ माणसांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी कर्करोग होतो, असा २०२२ साली प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. म्हणजे लाखात सुमारे ११ हजार. ११ हजारांची संख्या निव्वळ योगायोगानेच शंभराने इकडे तिकडे होते. त्या शंभराच्या हेलकाव्यात हे ५ जण कोणाला दिसणार? ते असतील तर सापडणार नाहीत, आणि नसतील तर नाहीत असे सिद्ध करता येणार नाही.

म्हणूनच जेथे निसर्गानेच मात्रा मोठी ठेवली आहे अशा स्थळाकडे शास्त्रज्ञ गेले. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्ली तालुक्यात वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे आणि तेथील वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्या किरणांत राहत आली आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तेथील सुमारे ७० हजार प्रौढांची सरासरी साडेदहा वर्षे नोंद ठेवली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १,३७९ कर्करोगी आढळले. परंतु अधिक किरणांत राहणाऱ्यांत त्यांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले नाही. ही मनाला दिलासा देणारी गोष्ट आहे. तथापि या निष्कर्षाची अनिश्चितता इतकी रुंद आहे की, जपानमधील अनुभवावरून काढलेला धोका तिच्या कडेशी जवळजवळ येऊन पोचतो. उंबरठा आहे असे केरळने सिद्ध केले, असे कोणी म्हणेल तर ते पुराव्याच्या पुढे जाणे होईल.

या अनिश्चिततेचा दुरुपयोग दोन्ही बाजूंनी होतो. एक पक्ष अत्यल्प मात्रेला कोट्यवधी लोकसंख्येने गुणतो आणि हजारो मृत्यूंचा आकडा वृत्तपत्रांत देतो. सरळ रेषेचा नियम सावधगिरीसाठी आहे, अशा रीतीने प्रेते मोजण्यासाठी नव्हे, असे आंतरराष्ट्रीय समितीने २००७ साली स्पष्ट बजावले आहे. दुसरा पक्ष, अपाय आढळला नाही एवढ्या आधारावर अपाय नाहीच असा निर्वाळा देतो, आणि शंका काढणाऱ्याला अडाणी ठरवतो. पहिला भीती विकतो, दुसरा निश्चिंतता विकतो. दोघेही रेषेचा जो भाग केवळ मानलेला आहे तो पाहिलेला म्हणून सांगतात.

मला यातून असे दिसते की, निरीक्षण जेथे संपते तेथून शून्यापर्यंतची रेषा गणित काढत नाही. ती माणूस काढतो, आणि गणित फक्त त्याच्या निवडीचा परिणाम अचूक सांगते. निवड करणे अपरिहार्य आहे, कारण मर्यादा ठरवल्यावाचून ना कारखाना चालेल, ना रुग्णालयातील क्ष-किरणांचे यंत्र. परंतु जी निवड आहे तिला निवड म्हणावे. तिला निसर्गाचा हुकूम म्हणू नये. निवड म्हटली की तिच्यात न्यायाचा प्रश्न येतो. वीज साऱ्या पश्चिम भारताला मिळते. पण तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवली गेली, आणि औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी ज्या खाडीच्या बाजूला जाते तिच्यावर पोट असणारा कोळी हा मुंबईतल्या ग्राहकाहून निराळा असतो. लाभ एकाचा व जोखीम दुसऱ्याची असेल, तेव्हा लाखात किती हा आकडा कोणी ठरवला, आणि ठरवताना त्या दुसऱ्याला विचारले होते काय, हे पाहावेच लागते.

म्हणून माझी सुशिक्षित कुटुंबांना एवढीच विनंती आहे. पाण्याविषयी, अन्नाविषयी वा किरणांविषयी 'सुरक्षित' असा आकडा कानी पडला की तीन गोष्टी विचाराव्या. प्रत्यक्ष पाहिले ते कोणत्या मात्रेवर आणि किती जणांवर? तेथून खाली उतरताना कोणती रेषा धरली, आणि दुसरी धरली असती तर उत्तर किती बदलले असते? उरलेली जोखीम कोणाच्या पदरी पडते? या प्रश्नांची उत्तरे जो अधिकारी किंवा जो शास्त्रज्ञ सरळपणे देतो, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग तो आकडा लहान असो की मोठा. जो केवळ आकडा पुढे करतो आणि हे प्रश्न टाळतो, त्याला ते पुन्हा विचारावे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.